‘जोडाची ताकद 44 टक्क्यांनी वाढली’ म्हणजे नक्की काय झालं?



पेटचा निकाल लागला की मला ठरावीक प्रकारचे मेसेज यायला लागतात. "ताई, सिनॉप्सिस लिहायचाय. दोन वेगळे धातू जोडायचं फ्रिक्शन स्टिर स्पॉट वेल्डिंग घेऊ का? त्यावर पेपर भरपूर आहेत, आणि मिलिंग मशीन आमच्याच कॉलेजात आहे." विषय घ्या की घेऊ नका, हे मी सांगणार नाही. तो तुमचा आणि तुमच्या गाईडचा निर्णय. मला बोलायचंय ते ‘पेपर भरपूर आहेत’ या वाक्याबद्दल. त्या भरपूर पेपरांपैकी मी वाचलेले कितीतरी एकाच साच्यातून निघालेत आणि त्या साच्यातच खोट आहे. ती माझ्या लक्षात यायला दीड वर्ष गेलं. माझा पहिला पेपरही त्याच साच्यातला होता, तेव्हा खाली जी टीका आहे ती आधी मला लागू आहे.

साचा असा. दोन धातूंचे पत्रे घ्यायचे, ॲल्युमिनियम आणि तांबं किंवा ॲल्युमिनियम आणि स्टील. टूलचा आरपीएम, ड्वेल टाइम आणि प्लंज डेप्थ अशा तीन गोष्टी बदलायच्या, प्रत्येकीच्या तीन पातळ्या. टागुचीची एल-9 सारणी मांडायची. नऊ ठिपके मारायचे, यूटीएमवर नऊ वेळा ओढायचं. आणि शेवटी लिहायचं, ‘योग्य पॅरामीटर वापरल्यामुळे जोडाची ताकद अमुक टक्क्यांनी वाढली.’

आज या एकाच वाक्याची नीट तपासणी करू.

आधी जोड कुठे लागतो ते बघू

माझं गाव केज तालुक्यात. तिथे ‘दोन वेगळ्या धातूंचा जोड’ बघायला लॅब लागत नाही, शेताच्या बांधावरच्या डीपीपाशी गेलं की झालं. ट्रान्सफॉर्मरमधून बाहेर येणारा दांडा तांब्याचा किंवा पितळेचा आणि पुढची केबल ॲल्युमिनियमची, म्हणजे आपल्या आजीच्या भाषेत जर्मनची. ही दोन माणसं एकमेकांशी सरळ नांदत नाहीत. ॲल्युमिनियमवर हवेने लगेच ऑक्साइडचा थर बसतो आणि तो विजेला अडवतो. गरम झालं की ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त फुगतं, गार झालं की जास्त आकसतं, त्यामुळे बोल्ट हळूहळू ढिला पडतो. पावसाचं पाणी शिरलं की दोघांमध्ये बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि त्यात खाल्लं जातं ते ॲल्युमिनियम.

आता थोडं गणित. 100 केव्हीएचा डीपी पूर्ण भारावर असला तर 433 व्होल्टच्या बाजूला प्रत्येक फेजमधून सुमारे 133 अँपिअर जातात. जोडाचा रोध 50 मायक्रोओहम असेल तर तिथे एक वॅटही उष्णता तयार होत नाही. तोच रोध खराब होऊन 1 मिलिओहम झाला, तर एका बोल्टाएवढ्या जागेत जवळपास 18 वॅट. त्याने जोड आणखी तापतो, तापल्याने आणखी खराब होतो. एका रात्री ती फेज जाते. विहिरीवरची थ्री फेज मोटार उरलेल्या दोन फेजवर घुमत राहते, जास्त करंट ओढते आणि वायंडिंग जळतं. सकाळी मोटार वर काढून रिवायंडिंगला अंबाजोगाईला न्यायची. पाण्याची पाळी चुकते ती वेगळीच.

यावरचा उपाय म्हणून बाजारात बायमेटल लग मिळतो. केबलच्या बाजूला ॲल्युमिनियमची नळी, दुसऱ्या बाजूला तांब्याची पट्टी. यातले बरेच लग घर्षणानेच जोडलेले असतात. एक तुकडा गरागरा फिरवून दुसऱ्यावर दाबतात. म्हणजे तुम्ही ज्या कुटुंबातल्या तंत्रावर सिनॉप्सिस लिहिणार आहात, त्याचा थोरला भाऊ आपल्या शिवारात आधीच कामाला लागलाय. हा लग लक्षात ठेवा. शेवटी त्याच्याकडे परत यायचंय.

तंत्र थोडक्यात

ज्यांना माहीत आहे त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल.

1991 साली इंग्लंडमधल्या केंब्रिजजवळच्या टीडब्ल्यूआय या वेल्डिंग संस्थेत वेन थॉमस आणि सहकाऱ्यांनी फ्रिक्शन स्टिर वेल्डिंग शोधलं. फिरतं टूल दोन पत्र्यांच्या सांध्यात घुसवायचं आणि सांध्यावरून पुढे सरकवायचं. घर्षणाने धातू तापतो, मऊ होतो, पण वितळत नाही. टूल त्याला कणकेसारखा मळतं आणि दोन्ही बाजू एक होतात. टूल पुढे न सरकवता एकाच जागी घुसवलं, दोन-चार सेकंद थांबवलं आणि वर काढलं, की झालं स्पॉट वेल्डिंग. टूलला खाली बारीक पिन असते आणि वर रुंद शोल्डर. पिन ढवळते, शोल्डर दाबतो आणि बरीचशी उष्णता तोच देतो. टूल वर आलं की पिनच्या आकाराचं भोक मागे राहतं. ते भरून काढणारं रिफिल तंत्र जर्मनीतल्या गेस्टहाख्टच्या संशोधन संस्थेने विकसित केलं, पण त्याला तीन भागांचं टूल आणि खास मशीन लागतं.

एकाच धातूचे पत्रे असले तर गोष्ट इथे जवळजवळ संपते. धातू वेगळे असले की खरी गोष्ट सुरू होते. ॲल्युमिनियमला स्टील किंवा तांबं भेटलं की सीमेवर नवीन संयुगं तयार होतात, त्यांना इंटरमेटॅलिक म्हणतात. कडक पण ठिसूळ, साधारण आपल्या बत्ताशासारखी. हा थर अजिबात नसेल तर समजा धातू नुसते चिकटलेत, जोड झालेला नाही. थर जाड झाला तर जोड त्यातूनच तडकतो. म्हणून तो असावा, पण पातळ, सलग आणि शक्यतो एक-दोन मायक्रोमीटरच्या आसपास. उष्णता कमी पडली तरी नापास, जास्त झाली तरी नापास. या विषयातली सगळी ‘सुधारणा’ या अरुंद पट्टीत बसवायची असते.

एक चांगलं उदाहरण: माझ्दा

टीका करण्याआधी चांगलं काम कसं दिसतं ते बघू, म्हणजे मोजपट्टी हातात राहील.

2003 साली माझ्दा कंपनीने आरएक्स-8 गाडीचे ॲल्युमिनियमचे मागचे दरवाजे आणि बॉनेट या पद्धतीने जोडले आणि जाहीर केलं की वीज 99 टक्के कमी लागते. आकडा ऐकून डोळे विस्फारतात ना? पण विचारा, कशाच्या तुलनेत? ॲल्युमिनियमच्या रेझिस्टन्स स्पॉट वेल्डिंगच्या तुलनेत. ॲल्युमिनियममधून वीज सहज जाते, त्यामुळे ते रेझिस्टन्सने तापवायला स्टीलपेक्षा कितीतरी जास्त करंट द्यावा लागतो. घर्षणाला फक्त मोटार फिरवायची असते. तुलना कुणाशी ते सांगितलंय, कारण समजतंय, म्हणून आकड्याला अर्थ आहे. हाच 99 स्टीलच्या वेल्डिंगशी तुलना म्हणून सांगितला तर ती थाप होईल. आणि या आकड्यात ताकदीबद्दल एक अक्षरही नाही, हेही लक्षात घ्या.

2005 मध्ये याच कंपनीने ॲल्युमिनियम आणि स्टील जोडलं. कुठे? एमएक्स-5 गाडीच्या डिकीच्या झाकणात, बोल्ट धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या छोट्या तुकड्यापाशी. गाडीचा सांगाडा बिंगाडा नाही. जागा छोटी, गरज नेमकी. गंज लागेल ही अडचण आधीच ओळखलेली, म्हणून स्टील जस्ताचा मुलामा दिलेलं घेतलं. मला हे काम आवडतं ते याच्यासाठी. प्रश्न आधी ठरला, मग मोजायचं काय ते ठरलं. आपल्या साच्यात हा क्रम उलटा असतो. मशीन आहे, सारणी आहे, यूटीएम आहे, आता प्रश्न शोधा.

पहिला आक्षेप: नऊ ठिपक्यांची सारणी

एल-9 वाईट नाही. चार घटक, प्रत्येकी तीन पातळ्या, सगळी जुळवाजुळव करायची तर 81 प्रयोग लागतात, ते काम ही सारणी नऊत चाळणी लावून देते. चाळणी म्हणून ती उत्तम आहे. अडचण येते ती चाळणीलाच तराजू समजल्यावर.

नऊ रीडिंगमध्ये डिग्रीज ऑफ फ्रीडम किती? आठ. तीन पातळ्यांचा एक घटक दोन खातो. चार घटक घेतले की चार दुणे आठ, सगळे संपले. चुकीचा अंदाज करायला शून्य उरले. तरीही पेपरात ॲनोव्हाचा तक्ता असतो आणि त्यात ‘आरपीएमचा वाटा इतके टक्के’ असं लिहिलेलं असतं. तो कसा आला? ज्या घटकाचा परिणाम सर्वांत कमी दिसला त्यालाच ‘एरर’ म्हणून टाकलं. म्हणजे परीक्षेत सर्वांत कमी मार्क पडलेल्या पोराचे मार्क शून्य धरून बाकीच्यांचे टक्के काढले.

तीन घटक घेतले तर दोन उरतात, थोडं बरं. पण इथे दुसरा, जास्त खोल घोळ आहे. एल-9 मध्ये पहिल्या दोन कॉलमांचा आपसातला परिणाम तिसऱ्या आणि चौथ्या कॉलममध्ये मिसळतो. आपल्या कामात पहिला कॉलम सहसा आरपीएमचा, दुसरा ड्वेल टाइमचा. आता तुम्हीच सांगा, या दोघांचा आपसात संबंध आहे की नाही? जास्त वेगाने थोडा वेळ आणि कमी वेगाने जास्त वेळ, दोन्हींनी उष्णता मिळते. जास्त वेगावर आणखी थांबलात तर इंटरमेटॅलिक जाड होतो, कमी वेगावर तेवढंच थांबणं गरजेचं असतं. म्हणजे भौतिकशास्त्र सांगतंय की हे दोन घटक एकमेकांत गुंतलेले आहेत. आणि आपण अशी सारणी निवडली की त्या दोघांच्या गुंत्याचं बिल तिसऱ्या कॉलममधल्या प्लंज डेप्थच्या नावावर फाटतं. मग निष्कर्ष येतो, ‘प्लंज डेप्थ सर्वांत महत्त्वाची.’ असेलही. पण या नऊ आकड्यांवरून ते कळत नाही.

आता एस-एन रेशो. ‘लार्जर द बेटर’चं सूत्र समोर ठेवा आणि प्रत्येक सेटिंगला एकच ठिपका आहे असं धरा. सूत्र आकसून उरतं ते इतकंच: मोजलेल्या ताकदीच्या लॉगला 20 ने गुणा. त्यात ‘नॉईज’ कुठे आहे? कुठेच नाही. विखुरणं मोजायला निदान दोन रीडिंग तरी हवीत ना? एका रीडिंगवर काढलेला एस-एन रेशो म्हणजे तोच आकडा, वेगळ्या कपड्यात. पेपरात मात्र त्याचा वेगळा तक्ता, वेगळा आलेख, आणि दोन्हींतून ‘एकच उत्तर आलं’ म्हणून समाधान. एकच येणार, दुसरं येईल कसं?

माझ्या पहिल्या पेपरात मी हेच केलं होतं. पुढच्या वर्षी एका ज्युनिअरने सहज विचारलं, "त्याच सेटिंगला परत मारला तर तेवढंच येतं का?" मी तीन ठिपके मारले. तिन्ही वेगळे, आणि त्यांच्यातला फरक माझ्या पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या सेटिंगमधल्या फरकापेक्षा मोठा. त्या संध्याकाळी मेसमध्ये जेवण गेलं नाही. मी जिला सुधारणा म्हटलं होतं ती निव्वळ योगायोग असू शकत होती, आणि तसं नाही हे सिद्ध करायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

दुसरा आक्षेप: किलोन्यूटन वाढले, जोड सुधारला का?

शीर्षकातला 44 चा आकडा मी एका साध्या गुणाकारातून घेतलाय. समजा आधी जोडाचा व्यास 5 मिलिमीटर होता. तुम्ही थोडं मोठं टूल घेतलं, व्यास 6 झाला. क्षेत्रफळाचं प्रमाण 36 भागिले 25, म्हणजे 1.44. सीमेवरचा जोड जसाच्या तसा राहिला तरी तो सपाट कातरून तुटत असेल तर ओढायला 44 टक्के जास्त बळ लागेल. पेपर म्हणेल, ‘ताकद 44 टक्क्यांनी वाढली.’ वाढली ती जागा. दोन टाके जास्त मारले म्हणून शिंपी सुधारला असं आपण म्हणत नाही.

म्हणून बळाच्या आकड्यासोबत दोन गोष्टी नसतील तर तो आकडा अर्धवट समजा. पहिली, जोडलेल्या भागाचं क्षेत्रफळ, आणि तेही कापून, घासून, मायक्रोस्कोपखाली मोजलेलं. टूलचा व्यास म्हणजे जोडाचा व्यास नव्हे. दुसरी, तुटलं कसं. सीमेवरून सपाट सुटलं, की पत्रा फाटून ठिपका बटणासारखा बाहेर आला? पहिल्या प्रकारात इंटरमेटॅलिक हरला, दुसऱ्यात पत्रा. किलोन्यूटन सारखेच असले तरी हे दोन वेगळे जोड आहेत. आणि बटण निघालं असेल तर तुम्ही जोडाची ताकद मोजलेलीच नाही, पत्र्याची मोजलीय. त्यापुढे पॅरामीटर कितीही बदला, आकडा पत्र्याच्या जाडीपाशी अडणार.

शिवाय बहुतेक पेपर फक्त लॅप शिअर करतात, म्हणजे पत्रे एकमेकांवरून घसरवायचे. ठिसूळ थर सोलण्याच्या बळापुढे फार लवकर हार मानतो. पत्रे उभे उचकटून बघा, म्हणजे क्रॉस टेन्शन करा. त्यात पितळ उघडं पडतं. ते सहसा केलेलं नसतं, कारण तसा फिक्स्चर कॉलेजात नसतो. ही अडचण खरी आहे, मी समजू शकते. पण मग निष्कर्षात ‘जोड सुधारला’ असं न लिहिता ‘घसरण्याच्या चाचणीत बळ वाढलं’ एवढंच लिहावं.

तिसरा आक्षेप: मशीनला दिलेलं आणि धातूला मिळालेलं

‘1200 आरपीएम, 4 सेकंद, 0.2 मिलिमीटर हे सर्वोत्तम’ असं वाचलं की मला विचारावंसं वाटतं, कुणासाठी? हे मशीनला दिलेले हुकूम आहेत. धातूला त्यातलं किती पोचलं? जुन्या मिलिंग मशीनचा स्पिंडल दाबाखाली वर उचलला जातो, बेड किंचित वाकतो, खालची बॅकिंग प्लेट स्टीलची की तांब्याची यावर उष्णता किती पळून जाते ते ठरतं. तांबं स्टीलच्या कितीतरी पट वेगाने उष्णता वाहून नेतं. दहाव्या ठिपक्यापर्यंत पिनवर ॲल्युमिनियम चिकटतं, म्हणजे टूलचा आकारही तोच राहत नाही. तुमचे 0.2 आणि पलीकडच्या कॉलेजचे 0.2 एक नाहीत.

यावर उपाय महाग नाही. सीमेजवळ एक थर्मोकपल बसवा आणि तापमानाचा आलेख द्या. तो आलेख दुसऱ्या कुणालाही वापरता येतो, आरपीएम येत नाही. आणखी एक कारण आहे. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, तांबं 1085 अंशांना. पण दोघं एकमेकांना लागून तापले तर 548 अंशांनाच त्यांच्या सीमेवर द्रव तयार होऊ शकतो. प्रस्तावनेत सगळेच लिहितात, ‘ही घनावस्थेतली पद्धत आहे, काहीच वितळत नाही.’ तापमान न मोजता हे वाक्य लिहायचा अधिकार आपल्याला आला कुठून?

आणि एक छोटी गोष्ट तपासत चला. सर्वोत्तम उत्तर कोपऱ्यात तर आलं नाही ना? तीन पातळ्या 800, 1000 आणि 1200, आणि उत्तर 1200. मग 1400 ला काय झालं असतं? डोंगराच्या अर्ध्या वाटेत थांबून हेच शिखर म्हणायचं, असला तो प्रकार.

चौथा आक्षेप: प्रश्नच दुसरा होता

आता डीपीकडे परत या. ॲल्युमिनियम-तांबं जोडाचे पेपर प्रस्तावनेत काय म्हणतात? हा जोड वीजवहन, बसबार, इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्या यांत लागतो. बरोबर. आणि मोजतात काय? किलोन्यूटन. अरे, डीपीवरच्या लगला बैल जुंपणार आहात का? तिथे ताकद लागते, पण पुरेशी असली की झालं. खरा प्रश्न रोधाचा आहे, आणि आजच्या रोधापेक्षा दहा उन्हाळ्यांनंतरच्या रोधाचा.

केबलला दाबून किंवा बोल्टने बसवायच्या कनेक्टरसाठी आयईसी 61238-1 हे मानक आहे. त्यातल्या ‘ए’ वर्गात कनेक्टर एक हजार वेळा तापवतात आणि गार करतात, शॉर्टसर्किटचा करंटही देतात आणि रोध किती बदलला ते बघतात. इकडे आपण ठिपका मारतो, एकदा ओढून तोडतो आणि निष्कर्ष लिहितो. आपल्याकडे नेमकं मानक नाही हेही एक कारण आहे. 2018 पासून आलेली आयएसओ 18785 ही मालिका फ्रिक्शन स्टिर स्पॉट वेल्डिंगची खरी, पण ती ॲल्युमिनियमपुरती. वेगळ्या धातूंसाठी जो तो आपापल्या मापाचा तुकडा कापतो, त्यामुळे एका पेपरातला आकडा दुसऱ्याशी ताडून बघता येत नाही. पण नेमकं मानक नसलं तरी शेजारच्या मानकातली शिस्त उसनी घेता येते.

आणि तुलना कुणाशी हवी? आपल्याच सर्वांत वाईट ठिपक्याशी नको. नऊ ठिपक्यांत एक मुद्दाम कमी उष्णतेचा असतोच, त्याच्याशी तुलना केली की कुणीही हिरो. तुलना हवी बाजारातल्या बायमेटल लगशी, किंवा साध्या बोल्टच्या जोडाशी, जो आज प्रत्यक्ष वापरात आहे. त्याच्यापेक्षा सरस ठरला तर ती सुधारणा. त्याच्यापेक्षा कमी पडला तर तेही लिहा. वाचणाऱ्याला त्याचाही उपयोग होतो.

मग लोक असं का लिहितात?

न्यायाने बोलायचं तर यात आळस कमी आणि घाई जास्त आहे. 2016 च्या यूजीसी नियमांत प्रबंध सादर करण्याआधी निदान एक पेपर छापणं सक्तीचं होतं. नोव्हेंबर 2022 मध्ये आलेल्या नियमांत ती सक्ती राहिली नाही, पण सवय राहिली. गाईड विचारतात, आरआरसी विचारते, पुढे नोकरीच्या मुलाखतीतही विचारतात. यूटीएमला बाहेर पैसे भरून चाचणी करावी लागते, म्हणून नऊच ठिपके. हे सगळं मी भोगलंय. आणि साच्यातल्या पेपरांनी काहीच दिलं नाही असंही नाही. कुठल्या धातूला कुठल्या पट्ट्यात उष्णता लागते, जस्ताचा थर मध्ये घातला तर काय होतं, पिन खालच्या पत्र्याला किती टेकवावी, याचा ढोबळ नकाशा त्यांतूनच तयार झालाय. मी स्वतः त्यावर उभी आहे. तक्रार एवढीच, की नकाशा झाल्यावरही आपण त्याच त्याच गावांच्या पाट्या रंगवत बसलोय.

कमी पैशात काय करता येईल

तुमच्याकडे मिलिंग मशीन आणि एम.एस्सी.ची फिजिक्स लॅब आहे असं धरते. नऊ सेटिंगऐवजी तीनच घ्या, पण प्रत्येकीचे निदान पाच ठिपके मारा, आणि क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, म्हणजे टूलची झीज एकाच सेटिंगच्या माथी येणार नाही. रोध मोजायला फोर-प्रोबची पद्धत तुम्हाला येतेच. 10 अँपिअर सोडले तर 50 मायक्रोओहमवर अर्धा मिलिव्होल्ट मिळतो, चांगल्या मीटरवर तो दिसतो. मग ठिपके ओव्हनमध्ये ठेवा आणि ठरावीक दिवसांनी काढून परत मोजा. इंटरमेटॅलिकची जाडी ढोबळमानाने काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. 10 तासांत 1 मायक्रोमीटर वाढ झाली तर 2 व्हायला 40 तास लागतील. दोन-तीन तापमानांना हे केलंत की नेहमीच्या वापराच्या तापमानाला किती वर्षं लागतील याचा अंदाज बांधता येतो. शेजारी बाजारातला एक लग ठेवा आणि त्यालाही त्याच ओव्हनमधून काढा.

सध्या मी हेच करतेय. वेळ फार लागतो. ओव्हन चोवीस तास चालू ठेवायचा तर रात्रीची लाईट गेल्यावर परत सेटिंग बघायला कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा मीच असते. सहा महिन्यांत पेपर निघणार नाही हे मी गाईडना सांगितलंय, आणि त्यांनी ते ऐकून घेतलंय.

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम. या विषयावरचा कुठलाही एक पेपर उघडा आणि वहीत पाच उत्तरं लिहा. प्रत्येक सेटिंगला ठिपके किती? तुलना कुणाशी? जोडाचं क्षेत्रफळ आणि तुटण्याची तऱ्हा दिलीय का? तापमान मोजलंय का? आणि जो उपयोग प्रस्तावनेत सांगितला, त्याला लागणारी गोष्ट मोजलीय का? ज्या प्रश्नाला उत्तर सापडत नाही तो वहीत वेगळ्या पानावर उतरवून ठेवा. दहा पेपर झाले की ते पान गाईडसमोर ठेवा. सिनॉप्सिसची सुरुवात तिथून करता येते.

दिवाळीला गावी गेले होते तेव्हा आमच्या डीपीवरचा एक लग काळा पडलेला दिसला. वायरमन काकांनी तो बदलला आणि जुना मला दिला. तो आता लॅबमध्ये माझ्या टेबलावर आहे. पुढच्या महिन्यात त्याला उभा कापून मायक्रोस्कोपखाली बघायचंय. काय दिसलं ते पुढच्या लेखात सांगते.